उतारवयातील त्वचेचे निरुपद्रवी विकार : आपले अनुभव लिहा

सत्तरी ओलांडल्यावर माझ्या आईच्या पाठीवर काळपट, खरखरीत उंचवटे आले. मेणाचे थेंब सांडून तिथेच वाळावेत, तसे ते दिसत. तिने ते तीन वर्षे कुणालाही दाखवले नाहीत, कारण कर्करोग निघाला तर मुलांच्या जिवाला घोर लागेल, असे तिला वाटत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहून 'सेबोऱ्हिक केराटोसिस' असे निदान केले. हे मस कर्करोगाचे नसतात, संसर्गाने पसरत नाहीत आणि पुष्कळदा घराण्यातच असतात, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या रात्री कित्येक दिवसांनी तिने मला पाठीला तेल लावायला बोलावले. अशी भीती आणखी किती घरांत दडून राहिली असेल, या विचाराने हा धागा काढत आहे. आपण स्वतः किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी अनुभवलेले कृपया सविस्तर लिहावे.

सोलापूर, वय ६६

माझ्या मानेवर बारीक, देठ असलेल्या पाच-सहा चामखिळी होत्या. कुणीतरी सांगितले म्हणून मी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून त्यांवर लावला. चामखीळ गळाली, पण भोवतीची कातडीही भाजली, आणि मला मधुमेह असल्याने ती जखम भरायला दीड महिना लागला. उरलेल्या चामखिळी पुढे डॉक्टरांनी जागा बधिर करून काही मिनिटांत काढल्या. मानेवर व काखेत चामखिळी वाढत असतील आणि तिथली त्वचा जाड व काळवंडलेली दिसत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी, हेही त्यांनीच सांगितले.

ठाणे

हे लिहिताना मला फार अपराधी वाटते. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. एका सकाळी त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, जांभळे डाग दिसले. कडा स्पष्ट होत्या, सूज नव्हती आणि दाबले तरी दुखत नव्हते. त्यांना उठवण्या-बसवण्यासाठी ठेवलेल्या मदतनीस बाईंनीच हात घट्ट आवळला असणार, असे मी मनाशी ठरवले आणि त्यांना तसे बोलूनही दाखवले. त्या काहीच बोलल्या नाहीत; वडिलांच्या सदऱ्याची बाही खाली ओढून त्यांनी बटण लावले. नंतर डॉक्टरांनी उलगडून सांगितले, की वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि वयाने त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांना असलेला आधार कमी होतो आणि खाटेच्या कडेला हात नुसता घासला तरी आत रक्त पसरते. वडिलांना हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असल्याने डाग अधिक दिसत होते. मात्र ते औषध मनाने बंद करायचे नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. डाग दोन-तीन आठवड्यांत मावळले, थोडी तपकिरी छटा राहिली. मी त्या बाईंची क्षमा मागितली. आपल्याही घरी असे डाग दिसले, तर कुणावर संशय घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ही कळकळीची विनंती.

सांगली

सासूबाईंच्या नडग्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आले. नातीचे लग्न ठरत होते, म्हणून 'कोड' हा शब्दही त्या उच्चारू देत नसत आणि घरातसुद्धा पायमोजे घालत. ते कोड नव्हते. वयानुसार आणि उन्हामुळे असे ठिपके येतात. एकेक ठिपका लहानच राहतो, मोठा चट्टा होत नाही आणि उपचारांची गरज नसते.

पुणे, वय ७४

माझ्या छातीवर लाल, मोहरीएवढे तीळ आहेत. तेही निरुपद्रवी निघाले. मात्र एखादा तीळ झपाट्याने वाढला, त्याचा रंग बदलला, त्यातून रक्त आले किंवा तळव्यावर अथवा नखाखाली नवा काळा डाग उमटला, तर लगेच दाखवायला या, असे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले आहे.

नागपूर, वय ७०

मला थंडीत पिंढऱ्यांना रात्रभर खाज सुटे. कढत पाण्याची अंघोळ आणि अंगभर साबण, हेच त्याचे मूळ होते, कारण या वयात त्वचेतील तेल आधीच कमी झालेले असते. आता कोमट पाणी घेते, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना लावते आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळते. खाज पंधरा दिवसांत उतरली. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा सुटली तेव्हा मी तेलावरच विसंबले. पण या वेळी यजमानांनाही रात्री खाज सुटत होती आणि बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या होत्या. ती खरूज निघाली. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावले आणि कपडे, चादरी गरम पाण्यात धुतल्या, तेव्हाच ती गेली.