ई टीव्ही मराठी विकली गेली, त्यात आपलं नेमकं काय गेलं?

परभणीकर
मार्च 2015 मध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. नावाचं मला सोयरसुतक नाही. जुलै 2000 मध्ये रामोजी रावांनी ही वाहिनी काढली तेव्हा अल्फा मराठी (आजची झी) येऊन वर्षही झालं नव्हतं. अल्फा मुंबई-पुण्याची वाटायची. ई टीव्हीच्या बातम्यांत मात्र आमच्याकडची बाजार समिती, टँकर, जिल्हा परिषदेतली भांडणं दिसायची. आज त्या वाहिनीवर बातम्याच नाहीत. मालक बदलला आणि जिल्हे पडद्यावरून गेले, असं माझं स्पष्ट मत.

रिमोट माझाच
कसला मालक नि काय! त्या बातम्या वाचल्या जायच्या हैदराबादेत, रामोजी फिल्म सिटीत. तेव्हाही मालक तेलुगू, आता गुजराती. मराठी माणसाची ती कधी होती? गळे काढण्यासारखं काही नाही.

परभणीकर
मालकाचं गाव मी विचारलंच नाही, धंदा विचारतोय. रामोजींचं तेलुगू दैनिक ‘ईनाडू’ 1974 मध्ये विशाखापट्टणमला निघालं आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्याच्या पुरवण्यांवर वाढलं. तालुक्याला वार्ताहर नेमायची तीच खोड त्यांनी वाहिनीला लावली. नंतरच्यांचा धंदा मनोरंजनाचा. ते टँकर कशाला दाखवतील?

जुना केबलवाला
थोडा हिशेब. एकटी मराठी वाहिनी कोणी विकत घेतलीच नाही. 2006 पासून रामोजींच्याच मार्गदर्शी फायनान्शियर्स या कंपनीने लोकांकडून घेतलेल्या ठेवींवरून रामोजी आणि आंध्र सरकारची जुंपली होती, लोकांचे पैसे परत करायला भांडवल उभं करावं लागलं. पुढे रिलायन्सच्या पाठबळावर नेटवर्क18 हा माध्यम समूह वाहिन्या घ्यायला आला. जानेवारी 2012 मध्ये घोषणा, 2014 मध्ये व्यवहार पूर्ण, रक्कम सुमारे 2,100 कोटी. हिंदी-उर्दू बातम्यांच्या वाहिन्या पूर्ण, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया मनोरंजनाच्या निम्म्या, तेलुगूचा थोडा हिस्सा. घाऊक माल! आपल्याला काय हवं ते त्या टेबलावर कोणी विचारलं असेल असं वाटतं का?

सासूचे चार दिवस
तुम्ही सगळे बातम्यांवरच. घरात ई टीव्ही लागायची ती ‘चार दिवस सासूचे’साठी, 2001 ते 2013, तीन हजारांवर भाग! ते दळण रामोजींच्याच काळातलं बरं का. कलर्सने निदान पैसा ओतला, 2018 मध्ये ‘बिग बॉस मराठी’ आणलं. आवडो न आवडो, मराठी कार्यक्रमावर एवढा खर्च आधी दिसत नव्हता.

परभणीकर
खर्च दिसतो, मान्य. पण त्या घरात भांडायला परभणीचं कोण गेलं?

रिमोट माझाच
मराठी मालकाची हौस असेल तर तेही झालंय. 2008 मध्ये ‘सकाळ’ वृत्तपत्राची साम वाहिनी आली. त्याच वर्षी दर्डांचं लोकमत आणि नेटवर्क18 यांची भागीदारीतली आयबीएन लोकमत आली. तिच्या नावात पुढे आधी आयबीएन, मग न्यूज18, लोकमत आपलं कायम शेपटाला. स्टार प्रवाहचं बघा: आधी मरडॉक, 2019 ला डिस्ने, 2024 च्या नोव्हेंबरात रिलायन्सशी विलीनीकरण. संध्याकाळी सातला आईला यातलं काहीही माहीत नसतं आणि तिचं काहीही अडत नाही.

जुना केबलवाला
आईचं अडत नाही, वार्ताहराचं अडतं. आमच्या तालुक्यात कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरणारे आता स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवतात. उत्पन्न काय, तर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती. त्यांच्याविरुद्ध बातमी कशी लावणार?

रिमोट माझाच
मग रामोजींच्याच समूहाचं मोबाइलवरचं ई टीव्ही भारत बघा. 2019 पासून मराठीतही आहे. बघता?

परभणीकर
रोज बघतो. पण मोबाइलवर मी एकटा बघतो. टपरीवरच्या टीव्हीवर टँकरची बातमी लागली की वीसेक जण एकदम बघायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच तहसील कचेरीत जाऊन उभे राहायचे.