मदत हवी आहे: कारखान्याचा प्रश्न गणितात आणायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी पदव्युत्तर वर्गांना गणित शिकवते. गेल्या सत्रात आम्ही पाच दिवसांची कार्यशाळा घेतली. कारखान्याने आपला खराखुरा प्रश्न आणायचा, विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून त्याला भिडायचं आणि शेवटच्या दिवशी जे हाती लागेल ते त्यांच्यासमोर मांडायचं. पद्धत जुनीच आहे. ऑक्सफर्डला १९६८ मध्ये ॲलन टेलर आणि लेस्ली फॉक्स या गणितज्ञांनी ती सुरू केली, ऑस्ट्रेलियात १९८४ पासून असे अभ्यासगट भरतात. आमची मात्र पहिलीच वेळ होती.

प्रश्न असा होता. पत्र्यावर रंगाचा थर देऊन तो पट्ट्यावरून भट्टीत सोडतात. पट्ट्याचा वेग वाढवला की रंगावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड येतात. आलेल्या अभियंत्यांनी अशा पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा सोबत आणला होता. मुलांनी तो हातोहात फिरवला, फोडांवर नख लावून पाहिलं. तोवर सगळे रंगात आले होते. मग खडू हातात घ्यायची वेळ आली आणि वर्ग एकदम गप्प झाला. "मॅडम, यात समीकरण कुठलं?"

शेवटी त्यांनी सगळंच घेतलं: उष्णतेचं वहन, द्रावकाचं (रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवाचं) बाष्पीभवन, भट्टीतल्या हवेचा प्रवाह, रंगातली रासायनिक क्रिया. बुधवारी संध्याकाळी मॉडेलमध्ये ११ स्थिरांक होते आणि त्यांतल्या सातांच्या किमती कुणालाच माहीत नव्हत्या. अभियंते सोमवारी दुपारीच परतले होते, फोनवर विचारलेल्या शंकेचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. भट्टीचं तापमान तर गोपनीय म्हणून सांगितलंच नाही.

शुक्रवारी मुलांनी सुंदर आलेख दाखवले. अभियंत्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पट्टा किती वेगाने चालवू?" मांडणी करणारी मुलगी तीन रात्री जागली होती. तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या सत्रात पुन्हा कार्यशाळा घ्यायची आहे आणि ती नीट व्हावी असं मनापासून वाटतं. पहिल्या दिवशी मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं? प्रश्न आधी आपणच सोपा करून द्यावा का, की मग कार्यशाळेचा अर्थच जातो? आणि आकडे न देणाऱ्या कारखान्याबरोबर काम कसं करायचं?

प्रतिसाद १

मॅडम, अशा काही गटांत मी काम केलं आहे. प्रश्न आधी सोपा करून देऊ नका. प्रश्न घडवणं हेच तर मुलांनी शिकायचं असतं. त्याऐवजी कार्यशाळेच्या आधी दोन-तीन दिवसांचं वेगळं शिबिर घ्या आणि त्यात पूर्वी सुटलेले प्रश्न चालवायला द्या. बऱ्याच ठिकाणी असं करतात.

पहिल्या दिवशी एकही डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या दराचं समीकरण) लिहू देऊ नका. फक्त मोजमापाचा अंदाज. तुमचाच प्रश्न घ्या. द्रावक थरातून बाहेर पडायला लागणारा वेळ साधारण जाडीचा वर्ग भागिले विसरण गुणांक (द्रावक थरातून किती झपाट्याने पसरतो, ते सांगणारा आकडा). समजा, थर ५० मायक्रॉन आणि गुणांक सेकंदाला १०⁻¹¹ चौरस मीटर, तर २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांच्या आसपास. पट्टा पत्र्याला त्याहून लवकर कडक उष्णतेत नेत असेल, तर वरची साय आधी धरते, द्रावक खाली कोंडतो आणि फोड येतो. वाळत आलेल्या रंगात विसरण कितीतरी मंदावतं, त्यामुळे साय एकदा धरली की वाट बंद. ११ स्थिरांकांतले बहुतेक इथेच गळतात.

आता जाडी ५० ची ६० झाली तर? वेळ १.४४ पट. हे पाचवीतल्या मुलालाही सांगता येईल आणि अभियंत्यालाही ते लगेच वापरता येईल.

साध्या प्रश्नातून खोल गणितही निघतं. विजेच्या इंजिनाच्या छतावरचा पॅन्टोग्राफ (तारेतून वीज घेणारी चौकट) वेगात असताना तारेला कसा चिकटून राहील, हा ब्रिटिश रेल्वेचा प्रश्न होता. त्यातून ऑकेन्डन आणि टेलर यांच्या १९७१ च्या लेखातलं समीकरण आलं. त्यात आत्ताच्या बदलाचा दर आधीच्या एका क्षणाच्या किमतीवरही अवलंबून असतो आणि तो क्षण ठरावीक अंतराने नाही, तर ठरावीक पटीने मागे असतो. पुढे पेशींच्या वाढीच्या मॉडेलमध्येही तेच समीकरण सापडलं. हे मुलांना जरूर सांगा.

प्रतिसाद २

मी कारखान्याच्या बाजूने बोलतो. तापमान सांगायला वरून परवानगी लागते, हे खरं. पण "वेग इतके टक्के वाढवला की फोड सुरू होतात" हे कुणीही सांगेल. गुणोत्तरं मागा, आकडे मागू नका. विमाहीन राशींना, म्हणजे एकक नसलेल्या आकड्यांना, तेवढंच पुरतं.

आणि माणूस पाचही दिवस बसणार नसेल, तर प्रश्न घेऊच नका, हे आधीच स्पष्ट कळवा. वरिष्ठ नको, रोज भट्टीजवळ उभा राहणारा माणूस मागा. काय करून पाहिलं आणि काय फसलं, ते त्यालाच ठाऊक असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सर, तुमचा जाडीचा हिशोब वाचल्यावर कपाटातून तो पत्र्याचा तुकडा काढला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. फोड कडेला दाट आहेत, मध्ये अगदी तुरळक. रंग कडेला जाड साचतो का, हे अभियंत्यांना आजच विचारलं आहे. पाच दिवस तो तुकडा टेबलावर पडून होता आणि आम्ही कुणीही फोड मोजले नाहीत. त्या मुलीला फोटो पाठवला, तिने तासाभरात प्रत्येक सेंटिमीटरमधले फोड मोजून तक्ता करून पाठवला.

आणखी एक विचारायचं राहिलं. शेवटचा अहवाल तुमच्याकडे कोण लिहितं, विद्यार्थी की प्राध्यापक? आणि कार्यशाळा संपल्यावर तो किती दिवसांत कारखान्याच्या हाती पडावा?