डीएफएसपी: गाठ काढली, पण कडा मोकळ्या नाहीत, पुढील शस्त्रक्रियेबाबत सल्ला हवा

फोंडेकर:
माझ्या धाकट्या भावाच्या खांद्यावरील, हळूहळू वाढणारी टणक गाठ चरबीची समजून एका खासगी रुग्णालयात काढण्यात आली. तपासणीत ती डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स (डीएफएसपी), म्हणजे त्वचेचा दुर्मीळ कर्करोग निघाली असून, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी आढळल्या आहेत. पुढील शस्त्रक्रिया बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) करावी की मुंबईला जावे, आणि 'मोझ' पद्धतीचा आग्रह धरावा का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

डिचोलीकर:
माझ्या वहिनींना हाच आजार झाला होता. हा कर्करोग शरीरात दूरवर पसरण्याचे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी असल्याने चार दिवस विचार करायला हरकत नाही. मात्र तो त्वचेखाली मुळांसारखे फाटे सोडतो आणि अपुरा निघाला तर त्याच जागी परततो. म्हणूनच जुन्या व्रणाभोवती साधारण 2 ते 3 सेंटिमीटर निरोगी त्वचा घेऊन, खाली स्नायूवरील आवरणापर्यंतचा भाग काढतात. मोझ पद्धतीत काढलेल्या थराची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जेथे पेशी उरल्या असतील तेथेच पुन्हा छेद देतात. चेहरा किंवा मानेवर, जेथे त्वचा राखायची असते, तेथे तिचा मोठा लाभ होतो. खांद्यावर जागा असल्याने, कडांची तपासणी काटेकोर होणार असेल तर मी तिच्यासाठी अडून बसणार नाही.

रुग्णालय ठरवण्यापूर्वी सर्जनना एवढे अवश्य विचारा, की कडांचा अंतिम अहवाल येण्याआधीच ते शेजारची त्वचा सरकवून जखम बंद करणार आहेत का. तसे केल्यास उरलेल्या पेशी नेमक्या कोठे आहेत हे शोधणे कठीण होते. वहिनींची जखम अहवाल येईपर्यंत नुसती झाकून ठेवली होती. घरच्यांना ते पाहवत नव्हते, तरी तो निर्णय योग्यच होता.

काणकोणकर:
डिचोलीकरांशी सहमत आहे. पहिल्या रुग्णालयातून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या व परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यांवर दुसरे मत घ्या. गाठीत फायब्रोसार्कोमासारखा, म्हणजे अधिक आक्रमक कर्करोगासारखा बदल झाला आहे का, हे अहवालात स्पष्ट असावे, कारण तसे असल्यास पसरण्याचा धोका वाढतो.

फोंडेकर:
दोघांचेही आभार. इमॅटिनिबच्या गोळ्यांनी शस्त्रक्रिया टळू शकते का?

काणकोणकर:
गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी असेल तर सहसा नाही. ते औषध मुख्यतः काढता न येणाऱ्या, परतलेल्या किंवा पसरलेल्या आजारासाठी वापरतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र दर सहा महिन्यांनी व्रण डॉक्टरांना दाखवत राहा. आजार परतलाच तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत परततो.