उत्तर: सालदार की पोरगा?
एकाने लिहिलंय की दर रविवारी चर्चला जातो, उपास करतो, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देतो, मग देव खूश असणारच. मला बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला थोरला भाऊ आठवला. पैसा उडवून परत आलेल्या अन् बापाने मेजवानी देऊन घरात घेतलेल्या उधळ्या धाकट्याची गोष्ट सगळ्यांना पाठ, पण हा शेतात राबणारा, बाप बाहेर येऊन विनवतो तरी घरात जात नाही, म्हणतो इतकी वर्षं चाकरी केली, मला साधं करडू नाही दिलं. आपल्या खान्देशात आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं ना, तसलाच हिशोब, अन् तोही बापाशी! आमची आई भाकरी थापता थापता प्रभूशी बोलते, कधी भांडते पण, सालदारासारखी नाही, पोरीसारखी. सत्कर्मं आहेतच की, बायबलच्या इफिसकरांस पत्रात २:१० मध्ये, पण ८-९ या ओव्यांनंतर, जिथं तारण कृपेनं, कर्मांनी नाही, असं म्हटलंय.