दिशाकोन, दिक्कोन की दिगंश?

अकरावीची आई:
लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता सायन्सला सगळंच इंग्रजीत. तरी समजून घेताना वहीच्या समासात मराठीत लिहिते. काल 'व्हेक्टरचा डायरेक्शन अँगल' इथे अडली. व्हेक्टर म्हणजे सदिश, लांबी आणि दिशा असलेला बाण, हे तिला माहीत आहे, पुढचं नाही. मी म्हटलं दिशाकोन. तिला दिक्कोन जास्त भारदस्त वाटतं. बरोबर काय?

खडूफळा:
ताई, चूक दोन्हींत नाही. 'दिश्'च्या पुढे क-प आले की दिक् होतं, दिक्पालासारखं. ग-व आले की दिग्गज, दिग्विजय. म आला की दिङ्मूढ, आणि या धड्यात वर्गाचं तेच होतं. पण बोलताना आपण 'दिशा'च म्हणतो, म्हणून फळ्यावर मी कायम दिशाकोन लिहिलं. 'दिक्' मी दिक्कोज्येसाठी राखून ठेवतो. अवकाशातला सदिश तिन्ही अक्षांशी जे कोन करतो, त्यांच्या कोज्या म्हणजे दिक्कोज्या. तिघींच्या वर्गांची बेरीज नेहमी १.

अकरावीची आई:
कोज्या म्हणजे कॉस ना? आमच्या वेळी साइन-कॉसच होतं.

खडूफळा:
हो, ज्या म्हणजे साइन, कोटिज्येची कोज्या झाली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, जीवा म्हणजेही तीच. वर्तुळाची जीवा तुमची लेक नववीत शिकलीच असेल. आर्यभटाने ४९९ सालच्या ग्रंथात अर्ध्या जीवेचे कोष्टक दिले. जीवेचं अरबीत 'जीबा' झालं, स्वर न लिहिल्यामुळे ते 'जैब' वाचलं गेलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोबण. लॅटिनवाल्यांनी त्याचा अर्थ बघून 'सायनस' केलं. म्हणजे साइन हा शब्द आपल्याच दोरीचा, फक्त वाटेत कोणीतरी चुकीचा वाचलेला.

अकरावीची आई:
हे तिला वाचून दाखवते! पण खरी अडचण वेगळीच आहे. सदिश (−३, ४). तिने ४ भागिले −३ करून टॅन-इन्व्हर्स दाबलं, कॅल्क्युलेटर म्हणतो −५३.१३ अंश. पुस्तकाचं उत्तर १२६.८७.

खडूफळा:
कॅल्क्युलेटरला फक्त भागाकार कळतो. (−३, ४) आणि (३, −४) एकमेकांच्या बरोबर उलट, पण भागाकार एकच. म्हणून आधी चित्र काढायचं. क्ष ऋण, य धन, म्हणजे बाण दुसऱ्या चरणात, अक्षांनी केलेल्या चार भागांपैकी डावीकडच्या वरच्या. मग १८० मिळवायचे: −५३.१३ + १८० = १२६.८७. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात १८० मिळवा, चौथ्यात ३६०. क्ष शून्य असेल तर भागाकारच करू नका, बाण सरळ वर किंवा सरळ खाली असतो. लांबी विचारली तर ५. ३-४-५ चा त्रिकोण तिला पाठ असेलच.

बोटीवरचा:
शब्दाबद्दल माझी एक तक्रार आहे सर. 'दिशाकोन' म्हटलं की कोन कुठून मोजला ते कळत नाही. तुम्ही पूर्वेकडून मोजता, घड्याळाच्या उलट. आम्ही उत्तरेकडून, घड्याळाप्रमाणे. ताईंचा तोच बाण बोटीवर ३२३ अंश, वायव्येच्या जरा उत्तरेला. ९० मधून गणिताचा कोन वजा करा, ऋण आलं तर ३६० मिळवा. दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखं येतं ते फक्त ईशान्येला आणि नैऋत्येला. बोलतानाही आम्ही तीन आकडे म्हणतो: शून्य-चार-पाच.

खडूफळा:
तुमचा तो दिगंश. खगोलवाले उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासून वर मोजलेल्या कोनाच्या, जोडीने वापरतात तो. त्याला दिशाकोन म्हणू नये या मताचा मी आहे.

बोटीवरचा:
मान्य. पण वाऱ्याचं काय कराल? नैऋत्य मोसमी वारा येतो नैऋत्येकडून, जातो ईशान्येला. हवामानवाले २२५ सांगणार, बाण मात्र ४५ चा काढायचा. प्रवाहाचं उलट: प्रवाहाची दिशा म्हणजे तो जातो ती.

अकरावीची आई:
'पुण्याची गाडी' म्हणतो तसंच की. पुण्याहून आलेली का पुण्याला जाणारी, फलाटावर उभं राहूनच कळतं.

बोटीवरचा:
अगदी! वाऱ्याच्या '-चा'चा अर्थ मात्र ठरलेला: पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला.

एक्सेलग्रस्त:
उशिरा येतोय. चरण बघायचा ताप नको असेल तर एटॅन-टू (atan2) हे फलन, म्हणजे फंक्शन, आहे, ते क्ष आणि य वेगवेगळे घेतं आणि चरण आपणच ओळखतं. फक्त पायथनमध्ये आधी य द्यायचा, एक्सेलमध्ये आधी क्ष. मी एकदा सूत्र इकडून तिकडे जसंच्या तसं उचललं. आठवडाभर आमच्या तक्त्यातले सगळे बाण आरशात बघितल्यासारखे आडवे-उभे बदललेले, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. शिवाय उत्तर अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात येतं, तेही बदलावं लागतं.

अकरावीची आई:
सगळ्यांचे आभार. लेकीने समासात लिहिलंय: 'दिशाकोन: पूर्वेपासून, डावीकडे वळत.' चालेल?

खडूफळा:
चालेल. 'पूर्वेपासून'च्या जागी 'धन क्ष-अक्षापासून' लिहायला सांगा, नाहीतर परीक्षेत ती होकायंत्र काढून बसायची.