मदत हवी आहे: मंगोलियन चित्रकार मैत्रिणीची कामं परदेशी प्रदर्शनाला कशी पाठवावीत? (तातडीचं)

सायली_उलानबातर
नमस्कार. माझी इथली एक मैत्रीण चित्रकार आहे. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून तिला परदेशात प्रदर्शनासाठी बोलावलंय. तिकीट आणि राहणं-जेवण यजमान संस्था देते, कामं पोचवायची जबाबदारी मात्र हिची. कुरियरवाल्यानं एक खोका घ्यायला साफ नकार दिला. कोणी अशी कामं पाठवली आहेत का? लवकर सांगा, हातात फार वेळ नाही.

कॅनव्हासवाला
कुरियरच्या नादी लागूच नका. कॅनव्हास चौकटीवरून उतरवा, रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, जाड पीव्हीसी पाइपात घाला आणि विमानात सोबत न्या. माझी चित्रं कायम अशीच जातात.

ब्रिस्बेनकर
सायलीताई, देश कोणता? कामं कशाची? विकायची आहेत की नुसती मांडायची? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भटक्या_नाना
व्हिसाचं बघा आधी. मंगोलियात वडिलांचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर लिहितात. आमंत्रणपत्रात उलटापालट झाली असेल तर अर्ज अडकतो.

सायली_उलानबातर
नाना, व्हिसा झालाय. देश ऑस्ट्रेलिया. कामं लोकर थापून केलेल्या फेल्टची आहेत, त्यावर घोड्याच्या शेपटीचे केस शिवलेत. गुंडाळली तर केस मोडतात. विकायची नाहीत, परत आणायची आहेत. कुरियरवाल्यानं नाकारलेल्या खोक्यातल्या कामावर घोड्याची लीद थापून वाळवलेली आहे.

ब्रिस्बेनकर
लीद! अहो, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. इथे जैवसुरक्षेचा कायदा फार कडक आहे. मंगोलियात लाळ्या-खुरकूत आहे, ऑस्ट्रेलियात नाही. न सांगता आणलं आणि सापडलं तर दंड. सांगून आणलं तरी प्रक्रिया करायला लावतील, परत पाठवतील नाहीतर नष्ट करतील, आणि खर्च तुमच्याच माथी.

पशुवैद्य_सातारा
एक दुरुस्ती. लाळ्या-खुरकूत हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग, घोड्याला तो होत नाही. पण फेल्ट मेंढीच्या लोकरीचं, तिथे मुद्दा लागू आहे. आणि लिदेत गवताचं बी असतं, तेही त्यांना चालणार नाही. लोकर कशी धुतली, किती तापवली, हे लेखी घ्या.

कॅनव्हासवाला
मग रंगवलेली चित्रंच न्या ना! २०१५ साली ब्रिस्बेनच्या एशिया पॅसिफिक ट्रायेनियल या दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात मंगोल झुराग या मंगोलियाच्या परंपरेतल्या चित्रशैलीतली चित्रं होतीच की. नोमिन बोल्द, उरीनतुया वगैरे चित्रकारांची. लीद कोणाला बघायचीय?

रेघोट्या
कॅनव्हासवाले, हे पटलं नाही. त्याच २०१५ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मंगोलियाचं पहिलं राष्ट्रीय दालन लागलं. कलाकार होते एन्खबोल्द तोग्मिदशीरेव आणि उनेन एन्ख. एन्खबोल्द लीद, फेल्ट, राख, गंज यांतूनच चित्र करतो आणि स्वतःचं गेर (भटक्यांचा गोल तंबू) घेऊन जागोजागी प्रयोग करतो. उनेन एन्ख फेल्ट आणि घोड्याचे केस वापरतो. ज्या मातीत माणूस वाढला तिचंच सामान तो वापरणार. कुरियरला सोयीचं काम निवडायचं असेल तर मग तिला बोलावलं कशाला?

कॅनव्हासवाला
बोलावलंय म्हणूनच काम वेळेत पोचायला हवं. रिकामी भिंत बघायला कोण येतं? नोमिन बोल्द २०१७ च्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनालाही गेली, ती झुरागच्या बळावरच.

भटक्या_नाना
तुम्ही तिथेच आहात म्हणून विचारतो, नादाम या मंगोलियाच्या राष्ट्रीय उत्सवाला यायचं तर हॉटेल किती आधी घ्यावं? आणि शाकाहारी जेवण मिळतं का?

सायली_उलानबातर
नाना, नादाम ११ ते १३ जुलै, फार आधी घ्या. शाकाहारी मिळतं. पण कृपया विषयावर राहू या. ती रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही. तिचं काम घरी पडून राहावं असं मला अजिबात वाटत नाही.

ब्रिस्बेनकर
एटीए कार्नेट काढा. परत आणायच्या मालासाठीचं सीमाशुल्काचं कागदपत्र असतं ते, जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, सीमाशुल्क भरावं लागत नाही. मंगोलियात ते तिथल्या राष्ट्रीय वाणिज्य आणि उद्योग मंडळाकडे मिळतं. प्रत्येक कामाचं नाव, माप, वजन, किंमत यादीत हवं. मात्र कार्नेट असलं तरी जैवसुरक्षेची तपासणी चुकत नाही. यजमान संस्थेला सांगा, बायकॉन या सरकारी प्रणालीत फेल्ट आणि केसांच्या अटी बघून परवाना लागतो का ते आजच ठरवा. बंदरावर अडकल्यावर धावाधाव करून काही होत नाही.

रेघोट्या
आणि लिदेचं काम तिथेच करू दे. घोडे तिथेही आहेत. कोरं फेल्ट परवान्यानं न्यायचं, बाकी सगळं जागेवर. प्रदर्शनाच्या चार-पाच दिवस आधी पोचता येईल का, हे संस्थेला विचारा.

सायली_उलानबातर
तिला आत्ताच फोन केला. तिथे करायला तयार आहे, पण म्हणते की लीद ओली मिळाली पाहिजे, वाळलेली फेल्टला धरत नाही. ब्रिस्बेनकर, शहराजवळ घोड्यांचा तबेला आहे का, जिथून ती मिळेल? आणि कार्नेटला अनामत रोखच भरावी लागते की बँक हमी चालते?