वेगळ्या डब्यात खाऊ घालण्याबद्दल
पाळलेला साप चावरा झाला तर त्याला राहत्या पेटीतून काढून वेगळ्या डब्यात खाऊ घाला, म्हणजे हात आला की खाणं आलं असं त्याला वाटणार नाही, असा सल्ला काही जण देतात. मला हे पटत नाही. गिळून झाल्यावर त्याला उचलून परत ठेवावंच लागतं, आणि नेमका तेव्हा तो शिकारीच्या भरात असतो. शिवाय हलवल्यामुळे उंदीर ओकून टाकायची भीती.

ह्यूस्टनला आमचा बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) पेटीचं झाकण सरकलं की मान आखडून झेपावायचा. आता उचलायचं असेल तर आधी साप हाताळायचा आकडा (टोकाला वाकवलेली काठी) त्याच्या अंगाच्या मध्यावर हलकेच टेकवतो. उंदीर देताना टेकवत नाही, लांब चिमट्यानेच देतो. दीडेक महिन्यात त्याला फरक कळला, आकडा टेकला म्हणजे खाणं नाही. खाल्ल्यावर ४८ तास हात लावत नाही. आणि डोळे निळसर, दुधाळ दिसत असतील तर कात टाकायची वेळ आलीय, त्याला नीट दिसत नाहीये. अशा वेळी कृपया त्याला उचलू नका.